पाणी, पानी आणि ध्वनिलिपी

भाषेच्या शुद्धाशुद्धतेचा वाद आपल्याकडे संस्कृतीच्या, संस्कारांच्या किंवा फार तर व्याकरणाच्या नावाने घातला जातो. ध्वनीच्या पातळीवर तो क्वचितच तपासला जातो. एखादा विद्यार्थी 'पानी' म्हणतो, 'येळ' म्हणतो, 'माज्या' म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडात नेमके काय घडते, जीभ कोठे लागते, हवा कशी सुटते, हे न पाहताच त्याच्या बोलण्यावर 'अशुद्ध' असा शिक्का बसतो. शिक्का मारणाऱ्याचा स्वतःचा उच्चार त्याच कसोटीला उतरतो काय, हे तर कोणी विचारीतच नाही. हे विचारण्याचे एक साधन जगात सव्वाशेहून अधिक वर्षे उपलब्ध आहे. त्याला ध्वनिलिपी म्हणतात.

मी माजलगावला मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांचे आईबाप दर हंगामाला कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. घरात पुस्तक आले ते या मुलांच्याच हाताने. त्यांना भाषाविज्ञानाच्या तासाला ध्वनिलिपी शिकवताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. हा विषय परीक्षेपुरता घोकून सोडून देण्याचा नाही. शिक्षकाच्या, लेखकाच्या आणि कार्यकर्त्याच्या रोजच्या कामाचा तो आहे. तो कसा, हे येथे मांडतो.

अक्षर आणि ध्वनी

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही की, अक्षर ही ध्वनीची कागदावरची खूण असते. ती कोणी ठरवली, केव्हा ठरवली, कोणाचे बोलणे कानांपुढे ठेवून ठरवली, यावर ती कोणाला जवळची आणि कोणाला परकी वाटणार हे अवलंबून असते.

'चार शेळ्या चार' हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या 'चार'मध्ये जीभ वर टाळूकडे जाते. हा तालव्य च. दुसऱ्या 'चार'मध्ये जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी लागते आणि तेथून हवा घासत सुटते; हा दंत्य च. ध्वनी दोन, अर्थ दोन, अक्षर मात्र एकच. ज आणि झ यांचेही तसेच आहे. 'चमचा' या शब्दातला शेवटचा च दंत्य असतो. 'चमचे' म्हणताच तो तालव्य होतो, कारण त्याच्यापुढे ए आला. शेळ्या राखणाऱ्या पोराला हा नियम कोणी शिकवलेला नसतो, आणि तो कधी चुकतही नाही. शाळेच्या वर्णमालेत मात्र त्याच्या दुसऱ्या च-ला जागा नाही.

२००९ साली महाराष्ट्र शासनाने मराठीची वर्णमाला निश्चित केली, तेव्हा ॲ आणि ऑ हे दोन स्वर तिच्यात अधिकृतपणे घेतले. 'ॲसिड', 'ऑफिस' हे शब्द आपण सारेच वापरतो, तेव्हा ते योग्यच झाले. पण इंग्रजीबरोबर आलेल्या दोन स्वरांना खूण मिळते आणि पिढ्यान् पिढ्या कोट्यवधी मराठी माणसांच्या तोंडी असलेल्या दंत्य च-ला मिळत नाही, यावरून खुणा कोणाची गरज पाहून तयार होतात ते कळते.

दुसरे उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या नावाचे घेऊ. 'डमरू'मधला ड आणि 'बीड'मधला ड तंतोतंत एक नाहीत. 'बीड' म्हणताना जीभ मागे वळते आणि झटक्याने खाली येते. उर्दूत या ध्वनीला वेगळे अक्षर आहे. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांनी तो आर या अक्षराने लिहिला. त्यामुळे निजामाच्या राज्यातला हा जिल्हा १९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये 'भीर' म्हणून छापलेला सापडतो. गावकऱ्यांच्या तोंडचे नाव एक, कागदावरचे दुसरे. लिहिणाऱ्याच्या हातात पुरेशा खुणा नसल्या की माणसाच्या गावाचे नावही असे बदलते.

ध्वनिलिपी कशी असते

१८८६ साली पॅरिसमध्ये काही भाषाशिक्षकांनी एक संघटना स्थापन केली. पॉल पासी हे त्यांतले प्रमुख. पुढे हीच आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना झाली. या मंडळींची अडचण शिक्षकाची होती. इंग्रजी आणि फ्रेंच या भाषांचे लेखन उच्चारापासून फार दूर गेलेले. मग मुलांना बोलायला शिकवायचे कसे? १८८८ साली त्यांनी आपली ध्वनिलिपी प्रसिद्ध केली. तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या होत गेल्या. १९८९ साली जर्मनीतील कील शहरी भरलेल्या परिषदेत तिची मोठी फेरमांडणी झाली.

या लिपीचे मूळ तत्त्व साधे आहे. एका ध्वनीला एकच खूण आणि एका खुणेचा एकच ध्वनी. भाषा कोणतीही असो, बोलणारा कोणीही असो, खूण तीच. लिपीचा पाया रोमन अक्षरांचा आहे. अक्षरे पुरत नाहीत तेथे ती उलटी केली आहेत, त्यांना शेपटी किंवा आकडा जोडला आहे. आपला अ लिहायला छोटा ई उलटा करतात. जीभ मागे वळवून उच्चारल्या जाणाऱ्या, म्हणजे मूर्धन्य ध्वनींसाठी अक्षराच्या पायाला उजवीकडे वळलेली शेपटी लावतात. साधा टी म्हणजे त, शेपटीचा टी म्हणजे ट. साधा एन म्हणजे न, शेपटीचा एन म्हणजे ण. साधा एल म्हणजे ल, शेपटीचा एल म्हणजे ळ. ख आणि ठ यांसारख्या महाप्राणांसाठी अक्षराच्या डोक्याशी बारीक एच काढतात. घ, ध, भ यांच्यासाठी तोच एच आकड्याचा असतो. तालव्य च लिहायला टी-पुढे लांबट एस, आणि दंत्य च लिहायला टी-पुढे साधा एस लिहून दोन्ही अक्षरे कमानीने जोडतात. स्वर नाकातून निघाला तर त्याच्यावर नागमोडी रेघ येते. स्वर लांबला तर त्याच्यापुढे विसर्गासारख्या दोन खुणा येतात. बोलताना छोटा विराम घेतला तर एक उभी रेघ, मोठा घेतला तर दोन. आपल्या पोथ्यांतल्या दंडांसारख्याच त्या दिसतात.

आणखी एक संकेत फार महत्त्वाचा आहे. ध्वनी तिरप्या रेघांच्या मध्ये लिहिला, तर तो त्या भाषेतील अर्थभेद करणारा ध्वनी, म्हणजे स्वनिम समजायचा. चौकटी कंसात लिहिला, तर तो या माणसाच्या तोंडून या क्षणी निघालेला प्रत्यक्ष उच्चार समजायचा. प्रमाण मराठी बोलणाऱ्याच्या भाषेत न आणि ण हे दोन स्वनिम आहेत. 'तन' म्हणजे शरीर आणि 'तण' म्हणजे पिकात माजलेले गवत. आमच्याकडच्या अनेक घरांत मात्र या दोघांच्या जागी एकच न आहे. तेथे 'पानी' म्हणणारी बाई ण उच्चारायला गेली आणि तिला तो जमला नाही, असे घडतच नाही. तिच्या बोलीच्या व्यवस्थेत तो भेदच नाही, आणि त्यावाचून तिचे काही अडतही नाही. तण उपटायला कोणत्या शेतात जायचे ते तिला आणि ऐकणाऱ्याला नेमके कळते. तिरप्या रेघा आणि चौकटी कंस यांतला फरक ज्याला समजला, तो शिक्षक 'पानी' ऐकून हसणार नाही. इथे दोन व्यवस्था भेटत आहेत, हे तो वर्गाला दाखवून देईल.

ऐकण्याचा अधिकार

येथे कोणी म्हणेल की, हे सारे आमच्या पूर्वजांनी आधीच केले आहे. आमची वर्णमाला मुळातच ध्वनिशास्त्रीय आहे. हे खरे आहे. क वर्ग कंठातला, च वर्ग टाळूचा, ट वर्ग मूर्ध्याचा, त वर्ग दातांचा, प वर्ग ओठांचा. प्रत्येक वर्गात आधी अघोष, मग घोष, शेवटी अनुनासिक. गळ्यावर बोट ठेवून क आणि ग म्हणून पाहिले, तर ग-ला गळा थरथरतो, तोच घोष. तोंडासमोर तळवा धरून क आणि ख म्हटले, तर ख-ला हवेचा झोत लागतो, तोच महाप्राण. शिक्षाग्रंथांत आणि प्रातिशाख्यांत हे विश्लेषण झाले. घोष म्हणजे काय, हे युरोपातील विद्वानांना एकोणिसाव्या शतकात नीट उमगले ते या ग्रंथांच्या परिचयानंतर.

पण ही विद्या कशासाठी जन्मली, हेही सांगितले पाहिजे. ती वेदपठण बिनचूक राहावे म्हणून जन्मली, आणि ते पठण कोणी ऐकावे यावर पहारा होता. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत तापवलेले कथील आणि लाख ओतावी, अशी शिक्षा गौतम धर्मसूत्रात सांगितलेली आहे. म्हणजे जगातील इतके सूक्ष्म ध्वनिशास्त्र ज्या समाजात निर्माण झाले, त्याच समाजाने बहुसंख्यांच्या कानांवर बंदी घातली. ध्वनीचा अभ्यास कानाने होतो. ज्याचा कानच बंद केला, तो या विद्येचा अभ्यासक होणार कसा? विसाव्या शतकातही बाबासाहेबांना मुंबईच्या शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली.

उच्चाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आपल्या परंपरेतच समोरासमोर उभ्या आहेत. एक कथा वैदिक परंपरेतली. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. मंत्रातल्या एका शब्दाचा स्वर चुकला, अर्थ उलटला आणि इंद्रानेच त्या पुत्राला मारले. उच्चार चुकला तर मरण, हा त्या कथेचा धडा. दुसरी कथा विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. ब्राह्मण कुळातून आलेले, गोड वाणीचे दोन भिक्खू भाऊ बुद्धाकडे तक्रार घेऊन गेले. वेगवेगळ्या कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलण्याने आपले वचन बिघडवत आहेत. आम्ही ते छंदात बांधून टाकतो, असे ते म्हणाले. बुद्धाने त्यांना नकार दिला, त्यांची कानउघाडणी केली आणि आपल्या भाषेत धम्म शिकण्याची मुभा दिली. ही आपली भाषा म्हणजे शिकणाऱ्याची स्वतःची बोली, असा अर्थ अनेक अभ्यासक घेतात. आजच्या वर्गात आणि मुलाखतीच्या खोलीत या दोन दृष्टींपैकी कोणती राज्य करते, हे वाचकांना सांगायला नको.

एकाच तराजूत

आता ध्वनिलिपीचा तराजू सर्वांसाठी सारखा धरू. सुशिक्षित घरातला माणूस 'ज्ञान' लिहितो. हे जोडाक्षर ज आणि ञ मिळून झालेले आहे. तो उच्चारतो 'द्न्यान'. तो 'ऋषी' लिहितो आणि 'रुशी' म्हणतो. 'भाषा' लिहितो आणि 'भाशा' म्हणतो; ट-ठच्या शेजारचा सोडला तर ष हा ध्वनी मराठी तोंडात फारसा उरलेलाच नाही. 'म्हणजे' लिहितो आणि घाईत 'म्हंजे' म्हणतो. चौकटी कंसात हे सारे उच्चार लिहून काढले, तर लेखनापासून तोही पदोपदी सुटलेला दिसतो. त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच. मराठीत इ आणि ई, उ आणि ऊ यांच्या लांबी-आखूडपणाने सहसा अर्थ बदलत नाही. लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते. लेखनाचे नियम मात्र शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला की मराठीत रुळला, हे पाहून वेलांटी ठरवतात. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकण्याचे मोठे काम या नियमांनी केले. पण कोणता शब्द संस्कृत आणि कोणता मराठी, हे ज्याच्या घरात संस्कृत आहे त्याला सहज कळते. इतरांना ते पाठ करावे लागते. आपली मुले गुण गमावतात ती पुष्कळदा अशा भेदांवर, जे कोणाच्याच तोंडात नसतात.

'पाणी' या शब्दाचा इतिहास पाहा. संस्कृत शब्द 'पानीय'. त्यात न आहे. प्राकृतात त्याचा ण झाला आणि मराठीने तो ण ठेवला. म्हणजे 'शुद्ध' म्हणून मिरवणारे 'पाणी' हेच बदललेले रूप आहे. 'दूध'ला 'दूद' म्हणणे गावंढळ समजतात. पण हिंदीत 'भूख' आणि 'हाथ' आहेत, तेथे प्रमाण मराठीत 'भूक' आणि 'हात' आहेत. शब्दाच्या शेवटी महाप्राण गळण्याची ही तीच प्रवृत्ती. शेकडो वर्षांपूर्वी गळला तो शुद्ध, आज आमच्या तोंडून गळला तो अशुद्ध!

'विहीर'ला 'इहीर', 'विंचू'ला 'इंचू', 'वेळ'ला 'येळ', 'वेडा'ला 'येडा' म्हणतात. यात गबाळेपणा आहे काय? मग 'वाट', 'वारा', 'वर', 'वड' यांतला व जागचा का हलत नाही? कारण हा नियम आहे. शब्दाच्या आरंभी व-च्या पुढे इ किंवा ए आला, तरच व बदलतो. जीभ पुढे सरकवून उच्चारायच्या त्या स्वरांसाठी तोंड आधीच तयार होते आणि ओठांचा व गळून पडतो. उलट शब्दाच्या आरंभी ओ आला की 'ओळख'ची 'वळख' आणि 'ओढा'चा 'वढा' होतो. विद्यार्थ्यांना मी घरून असे वीस-वीस शब्द लिहून आणायला सांगतो आणि फळ्यावर त्यांचे गट पाडायला लावतो. नियम तेच शोधून काढतात. आपली आजी नियमाने बोलते, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळते.

साहित्यातील बोली

दलित आत्मकथनांनी बोली छापील पानावर आणली. शांताबाई कांबळे यांच्या १९८६ सालच्या आत्मकथनाचे नावच पाहा: 'माज्या जल्माची चित्तरकथा'. शांताबाई शिक्षिका होत्या; 'माझ्या जन्माची चित्रकथा' हे लेखन त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तीन शब्दांत तीन ध्वनिनियम आहेत. झ-चा महाप्राण गळून ज झाला. न्म-मधले दोन्ही अनुनासिक एकमेकांना खेटतात, म्हणून त्यांतला पहिला ल झाला. त्र हे जोडाक्षर फोडून मध्ये अ आला. हे नाव म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडाचे ध्वनिलेखनच होय.

पण सर्वच लेखन असे नसते. पुष्कळ कथा-कादंबऱ्यांत वाड्यातला माणूस बोलतो तेव्हा त्याची 'म्हंजे', 'द्न्यान' ही रूपे प्रमाण लेखनात झाकली जातात. वस्तीतला माणूस बोलू लागला की अक्षरे मोडकी होतात. उच्चार दोघांचेही लेखनापासून दूर असतात, पण मोडका दिसतो एकच. पात्रांच्या तोंडी बोलीतील रूपे घालण्याची सवलत लेखननियमांनीही दिलेली आहे. ती सवलत एकाच वर्गाच्या पात्रांना लागू केली, की बोली म्हणजे हास्य हे समीकरण तयार होते.

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वर बेतलेले पु. ल. देशपांडे यांचे 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आले. त्यात उच्चारशास्त्राचा प्राध्यापक फुले विकणाऱ्या मुलीचे बोलणे टिपतो. त्याचा कान तयार आहे. पण तो तिचे बोलणे नोंदतो ते पुसून टाकून तेथे दुसरे बसवण्यासाठी. प्राध्यापकाची विद्या आपण घ्यावी, हेतू मात्र त्याचा घेऊ नये. तिची बोली तिची म्हणून टिकावी, कोणालाही ती जशीच्या तशी वाचता यावी, यासाठी आपण टिपायचे आहे.

नोंदीतून राहून गेलेला मुलूख

हे काम आपल्या भागात अधिकच निकडीचे आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत उतरवून घेऊन ही पाहणी झाली. पण हैदराबाद संस्थान या पाहणीच्या बाहेर होते आणि बीड त्या संस्थानात होते. पुढे १९६३ पासून डॉ. अ. मा. घाटगे यांनी राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळासाठी मराठी बोलींच्या वर्णनाची पुस्तकमाला सिद्ध केली. कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशा बोली तिच्यात आल्या. मराठवाडा आला नाही. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून ध्वनिमुद्रणे जमवून बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले, ही समाधानाची गोष्ट आहे.

माजलगावपुरते सांगायचे तर एक मोलाचे काम आधीच झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांच्या या प्रकल्पात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील बायांच्या आवाजात बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकता येतात. आवाज जपला गेला, हे फार मोठे आहे. ज्या बायांना अक्षर लाभले नाही, त्यांनी बाबासाहेबांना कसे पाहिले याची ती साक्ष आहे.

पण ओवी ऐकणे आणि ओवी वाचणे यांत अंतर पडते. गाताना बाई मध्येच 'गं', 'बाई' घालते, एखादा स्वर जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबवते, ओळीचा तुकडा पुन्हा घेते. कागदावर ओवी दोन नेटक्या ओळींत बसवली की हे सारे गळून जाते. म्हणून लिहिणाऱ्याने एक स्वच्छ पाठ द्यावा आणि त्याच्या शेजारी एक ध्वनिपाठही द्यावा.

लिहावे कसे

माझ्या आजीचे एक वाक्य घेऊन दाखवतो. तरुणपणी पाणी भरायला जावे लागे तेव्हाची हकीकत ती सांगत होती. प्रमाण लेखनात ते वाक्य असे होईल: 'विहिरीवर पाणी आणायला गेले होते, खूप वेळ झाला होता.' अर्थ आला; आजी गेली. आता ध्वनिपाठ पाहा:

[इहिरीवर् पानी आनाय्ला गेल्ते । लऽई येळ् झ़ाल्ता ॥]

'इहिरी'मधला व गेला आहे, 'वर'मधला राहिला आहे. नियम एकाच शब्दात दिसतो. 'गेले होते' आणि 'झाला होता' यांची आमच्या भागात 'गेल्ते', 'झाल्ता' अशी जुळलेली रूपे होतात, ती दिसतात. झ-खालचा नुक्ता तो दंत्य असल्याचे सांगतो. आणि 'लऽई'मधला लांबलेला स्वर. विहिरीला आमचा हात लागू द्यायचा नाही. कोणी तरी येऊन वरून घागरीत पाणी ओतीपर्यंत काठाशी उभे राहायचे. किती वेळ, हे आजीने त्या एका स्वरात सांगितले आहे. 'खूप वेळ' असे शुद्ध करणाऱ्याने नेमके तेच पुसून टाकले.

रोमन ध्वनिलिपी शिकायला वेळ लागेल. तोवर देवनागरीतच पुढील संकेत पाळून काम सुरू करता येते.

१. दंत्य च, ज, झ यांच्या खाली नुक्ता द्यावा. तालव्य तसेच ठेवावेत. उदा. 'चार शेळ्या च़ार'.

२. जेथे अ उच्चारला जात नाही तेथे पाय मोडावा. उदा. 'येळ्'.

३. अनुस्वार फोडून लिहावा: 'आम्बा', 'हण्डा', 'अङ्गण'. स्वर नाकातून निघाला असेल तेथेच चंद्रबिंदू द्यावा.

४. लांबलेल्या स्वरापुढे अवग्रह, छोट्या विरामाला एक दंड, मोठ्याला दोन.

५. ऐकू न आलेला शब्द अंदाजाने भरू नये. तेथे प्रश्नचिन्ह टाकावे.

६. एकच माणूस कधी 'पाणी' आणि कधी 'पानी' म्हणत असेल, तर दोन्ही जसे ऐकले तसे लिहावे. कोणासमोर कोणते रूप येते, हीही माहितीच आहे.

७. सांगणाऱ्याचे वय, गाव, नोंदीची तारीख लिहावी. आवाज मुद्रित करण्याआधी परवानगी घ्यावी आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. 'आजी, मी वाचतो तसंच म्हणालात ना तुम्ही?' असे विचारावे. चुकीची दुरुस्ती करण्याचा अधिकार त्यांचा.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवू नये असा कोणी काढू नये. अर्ज, परीक्षा, न्यायालय, वर्तमानपत्र यांची ती भाषा आहे आणि ती आपल्या मुलांच्या हाती पूर्णपणे आलीच पाहिजे. पण ती शिकवताना 'तुझे चुकले' म्हणणे वेगळे आणि 'तुझ्या घरी असे म्हणतात, कागदावर असे लिहितात, दोन्ही का ते पाहू' असे सांगणे वेगळे. पहिल्या वाक्याने मूल गप्प बसते. दुसऱ्याने ते दोन भाषांचे मालक होते.

आज जवळजवळ प्रत्येक घरात ध्वनिमुद्रण करू शकणारा फोन आहे. वस्तीतील एका म्हाताऱ्या बाईचे दहा मिनिटांचे बोलणे मुद्रित करावे आणि त्यातले एक मिनिट वरील संकेतांनी लिहून काढावे. एका मिनिटाला पहिल्या वेळी दोन तास लागतील. माझ्या विद्यार्थ्यांना लागतात. महाविद्यालयातील मराठी विभागांनी, वस्तीवरच्या वाचनालयांनी, जयंती मंडळांनी अशा वह्या तयार कराव्यात आणि आवाजासह जपून ठेवाव्यात. ज्या पिढीने जात्यावर गायले, विहिरीच्या काठी वाट पाहिली आणि बाबासाहेबांचे नाव आपल्या उच्चाराने घेतले, तिच्यातील फार थोडी माणसे आता उरली आहेत. हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवे.